निर्भेळ गेम सेंटर

पाटोद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला माझी नेमणूक झाली आणि मी खोली शोधत निघाले, तेव्हा माझ्याकडे एक पिशवी, एक वळकटी आणि आईने बळंच गळ्यात मारलेली दुधाची बरणी होती. घरमालक ओट्यावरच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि विचारलं, "डिग्री किती?"

मी अंबाजोगाईची. आम्हा अंबाजोगाईकरांना शिक्षणाचा भारी तोरा. मी मान ताठ करून सांगितलं, "एम. ए., बी. एड."

"तुमची न्हाई म्याडम. दुधाची."

मला काही कळायच्या आत त्यांनी शर्टाच्या खिशातून, जिथे बाकीची माणसं पेन अडकवतात तिथून, काचेची एक नळी काढली, बरणीचं झाकण उघडलं आणि नळी दुधात सोडली. नळी डोकं वर काढून तरंगत राहिली. त्यांनी वाकून आकडा वाचला, चेहरा उजळला आणि खोलीची किल्ली माझ्या हातात पडली. चोख घरची पोरगी आहे, असं त्यांनी आत बायकोला ओरडून सांगितलं. माझ्या एम. ए.ला इतका मान त्यानंतर कुणी दिला नाही.

सगळा तालुका त्यांना सेक्रेटरी म्हणायचा. दूध सोसायटीचे ते सेक्रेटरी होते, म्हणजे मी आले तेव्हा नव्हते, पण हुद्दा चिकटला तो चिकटला. ती काचेची नळी म्हणजे दुधाची डिग्री पाहायचं लॅक्टोमीटर. पाणी घातलेलं असेल तर नळी खाली बुडते आणि घालणाऱ्याचं तोंडही उतरतं. सेक्रेटरींना मात्र ही नळी दुधापुरती ठेवणं कधी जमलं नाही. ताक, चहा, हॉटेलातलं वरण, शाळेतल्या मुलांचं दूध, सगळ्यात ती एकदा बुडून यायची. स्वतःच्या लग्नात त्यांनी मठ्ठ्याला डिग्री लावली होती आणि आचाऱ्याशी भांडण काढलं होतं, हे मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मांडवात सासरा रुसतो ते ऐकलंवतं," काकू म्हणाल्या, "हिथं नवरदेव मठ्ठ्यावर रुसला."

त्यांचा हुद्दा का गेला तेही काकूंनीच सांगितलं. सोसायटीचे चेरमन म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. जीप, पांढरे कपडे, आवाज असा की बोलले की बैलसुद्धा रवंथ थांबवतील. एका सकाळी चेरमनच्या घरची कॅन आली. सेक्रेटरींनी नळी सोडली, नळी बुडाली. रांगेत उभे असलेले सगळे आभाळाकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी कॅन उचलली आणि भर रस्त्यात ओतून दिली. पुढच्याच बैठकीत चेरमननी "नवा सेक्रेटरी नेमावा, मंजूर असेल त्यांनी हात वर करा" म्हटलं आणि सगळे हात वर झाले. त्यात काही हात असे होते, ज्यांना सेक्रेटरींनी स्वतः सभासद करून घेतलं होतं.

मग दुष्काळ आला आणि त्याने नव्या सेक्रेटरीचंही काम संपवलं. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, दूध बंद झालं, सोसायटीला कुलूप लागलं. कपिलधारचा धबधबा नुसता दगड दाखवत उभा होता. सेक्रेटरींनी ओट्यावर बसून बरेच दिवस विचार केला की आता या तालुक्यात न आटणारी वस्तू कोणती. उत्तर त्यांना संध्याकाळी गल्लीतून फिरताना सापडलं. पोरं. पोरं काही आटत नाहीत.

तेलगावला एक सायबर कॅफे बंद पडत होता. तिथले जुने संगणक त्यांनी आतल्या खेळांसकट पक्क्या पावतीवर घेतले, टेम्पोत घालून आणले, पुढच्या खोलीत मांडले आणि दारावर पाटी लावली: निर्भेळ गेम सेंटर (सहकारी तत्त्वावर). इथे गिऱ्हाईक नव्हतं, सभासद होते. एक सभासद, एक मत. गाड्यांच्या शर्यतीत कुणी कुणाला धडक दिली तर तक्रार पुढच्या मासिक सभेत. मारामारीच्या खेळात हरलेल्याला "पराभूत" म्हणायचं नाही, "माजी" म्हणायचं. शाळेतली माझी निम्मी पोरं संध्याकाळी तिथे असायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मला विचारायची की बाई, आजच्या गृहपाठाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण.

अडचण एकच होती. नव्या खेळांच्या चकत्या. बसस्टँडवर एक सीडीवाला बसायचा. जगातला कुठलाही खेळ त्याच्याकडे प्लास्टिकच्या पाकिटात, वर झेरॉक्स केलेलं चित्र. सगळा तालुका त्याच्याकडूनच घ्यायचा. सेक्रेटरींनी पहिल्यांदा त्याची चकती हातात घेतली, उन्हात धरली, फिरवली आणि परत दिली.

"पाणी हाय," ते म्हणाले.

सीडीवाल्याने परोपरीने सांगितलं की काका, खेळ तोच, चित्र तेच, चालतोसुद्धा जास्त चांगला. सेक्रेटरींचं म्हणणं असं की पाणी घातलेलं दूधही पांढरंच असतं. ज्याने म्हैस पाळली त्याला पैसा पोचत नसेल तर ते दूध नव्हे. आणि मग ते एसटीने औरंगाबादला गेले आणि एक अस्सल, सीलबंद खेळ घेऊन आले. खेळ शेतीचा होता. ट्रॅक्टर, नांगरट, पेरणी, कापणी, गायी, सगळं हिरवंगार. बाहेर रस्त्यावर टँकरच्या मागे भांड्यांची रांग असताना त्यांनी नेमका तोच का निवडला, हे विचारल्यावर म्हणाले, मारामारीचे खेळ सभासदांना घरीच बघायला मिळतात.

चकतीला हळदकुंकू लागलं. चकती आत गेली. आणि पडद्यावर इंग्रजीत भलामोठा करारनामा आला, खाली दोन बटणं: मान्य, अमान्य.

जगात सगळे लोक तिथे डोळे मिटून "मान्य" दाबतात. पण सेक्रेटरींनी उभ्या आयुष्यात न वाचता एक ठराव मंजूर केला नव्हता. त्यांनी सभा बोलावली. मला खुर्ची दिली आणि कलमवार वाचून मराठीत सांगायला लावलं. मी वाचत गेले आणि माझाच आवाज बारीक होत गेला. हा खेळ तुम्हाला विकलेला नाही. तुम्हाला तो फक्त वापरायची परवानगी आहे. ती आम्ही केव्हाही काढून घेऊ. खेळ चालू असेपर्यंत तुम्ही खरे धनी आहात की नाही हे आम्ही इंटरनेटवरून तपासत राहू. हा खेळ तुम्ही विकायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही, उसना द्यायचा नाही, बक्षीस द्यायचा नाही.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मंग आपून घेतलं काय?"

त्यावर जी चर्चा झाली तशी विधानसभेत होत नसेल. एकाचं म्हणणं, ही म्हैस घेतली पण धार काढताना दर वेळी मूळ मालकाला हाळी द्यायची, अशातली गत आहे. भाड्याच्या कलमावर सेक्रेटरींनी तोड काढली: इथे सगळे सभासद, म्हणजे सगळे मालक, आणि मालक आपलीच म्हैस पिळतो त्याला भाडं म्हणत नाहीत. परवानगी केव्हाही काढून घेण्याच्या कलमात "सबळ कारण दाखवून" हे शब्द घालावेत, असं ठरलं. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "कलम दुरुस्तीसह मंजूर. म्याडम, दुरुस्तीचं बटन दाबा."

मी सांगितलं, दुरुस्तीचं बटण नाही. मान्य आणि अमान्य, दोनच आहेत.

त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी स्वतः चष्मा लावून पडद्याचे चारही कोपरे पाहिले. सहकारात असं नसतं, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी कंपनीचा प्रतिनिधी हजर नाही म्हणून कोरमअभावी सभा तहकूब झाली, आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी परत भरली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. तेवढ्यात सगळ्यांचा चहा झाला. मग सेक्रेटरींनी "नाइलाजाने" असं मोठ्याने म्हणत मान्य दाबलं. पण दाबायच्या आधी काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलेला प्रश्न पाटोद्याच्या इतिहासात राहील.

"विकायचं न्हाई, उसनं द्यायचं न्हाई, समदं ऐकलं. आन कुणाकडं इसरून ऱ्हायलं तर?"

मी करारनामा वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. विसरण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत उसनं देणं बंद झालं आणि विसरणं सुरू झालं. सेक्रेटरी रविवारी चकती माझ्या टेबलावर विसरायचे, मी ती शेजारच्या पोराकडे विसरायची. हळूहळू गावाने शब्द उचलला. "तुजी मोटरसायकल जरा माज्याकडं इसर की." "साकर इसरता का वाटीभर?" मुख्याध्यापकांनी एकदा भर मीटिंगमध्ये मला विचारलं की बाई, तुमचा तास आज गणिताच्या सरांकडे विसरता येईल का.

खेळ मात्र जोरात चालला. सेंटरमध्ये टेलिफोनची लाइन होती, तपासणी आपोआप व्हायची, काही बोंब नव्हती. पोरांपेक्षा मोठी माणसंच जास्त यायला लागली. ती पडद्यासमोर दाटीने उभी राहून त्या परदेशी शेतीतल्या चुका काढायचे. बांध नाही, बांध नाही म्हणजे भांडण नाही, मग ही कसली शेती. पेरणी एवढी उथळ कुठे असते का. ट्रॅक्टर हाकायला सगळ्यात तरबेज निघाल्या काकू. पदर खोचून बसायच्या आणि वळणावर ट्रॅक्टरसोबत स्वतःही कलंडायच्या. गायींचं दूध टँकरमध्ये जायचं तेव्हा सेक्रेटरी जरा अस्वस्थ व्हायचे. त्या दुधाला डिग्री लावता येत नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं.

हा बोभाटा चेरमनपर्यंत पोचला. त्यांच्या संस्थेने गावाबाहेर जनावरांची छावणी चालवायला घेतली होती. चार गावची माणसं आपापल्या बैलांपाशी, गायींपाशी महिनोन् महिने बसून होती, करायला काही नाही, बघायला चाऱ्याची गंज आणि उघडं रान. चेरमन जीप घेऊन सेंटरच्या दारात आले. दूध ओतल्यापासून दोघं बोलत नव्हते, त्यामुळे अख्खी गल्ली कामं टाकून बाहेर आली.

"सेक्रेटरी, ते शेतीचं चित्र छावणीत दाखवा," चेरमन म्हणाले. "माणसं कावलीत. पर तुमचं आस्सल चालंल का तितं? न्हाईतर बसस्टँडवरचं आणा. त्याला पाणी आसंल, पर ते कुटंबी चालतंय." आणि हसले.

सेक्रेटरींनी पाटीकडे बोट दाखवलं. "हितं निर्भेळ लिवलंय. न्हाई चाललं तर पाटी उतरवतो, चेरमन."

त्यांनी ते सगळ्यांच्या देखत म्हटलं, म्हणजे संपलं. पाटी हीच काय ती त्यांच्याकडे उरली होती. दूध गेलं होतं, सोसायटी गेली होती, हुद्दा गेला होता, आणि तो ज्यासाठी गेला तेवढंच त्या पाटीवर लिहिलेलं होतं.

दिवेलागणीला आम्ही सेंटरमधला एक संगणक घेऊन छावणीत पोचलो. शाळेचा प्रोजेक्टर मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने आणला होता, म्हणजे त्यांनी तो माझ्याकडे विसरला होता. छावणीचा जनरेटर होता. कडब्याच्या गंजीशेजारी पांढरं कापड ताणलं. माणसं बसली, त्यांच्यामागे जनावरं, आणि पुढे एकट्या खुर्चीवर चेरमन. सभासद नसलेल्याला खेळ दाखवणं नियमात बसेना, म्हणून सेक्रेटरींनी आधी उपस्थित सर्वांना नाममात्र सभासद करून घेतलं. चेरमननासुद्धा. मग चकती आत गेली.

कापडावर हिरवं शेत आलंच नाही. एक ओळ आली. ती इंग्रजीत होती. सेक्रेटरींनी अर्थ विचारला. मी सांगितलं, "तुमची मालकी तपासता येत नाही, म्हणतंय. इंटरनेट जोडा."

छावणीत कुठलं इंटरनेट. सेक्रेटरींनी आणलेल्या नेटच्या काडीला रेंजच नव्हती. लोक चुळबुळायला लागले. सीडीवालाही बघायला आला होता. त्याने खिशातून तोच खेळ काढला, झेरॉक्सच्या चित्राचा, आणि हळूच पुढे केला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला खरंच दया आली होती. "घ्या काका. कुणाला कळतंय? हे कुणालाच काय इचारत न्हाई." मागून माणसंही म्हणायला लागली, लावा की, त्यात काय.

सेक्रेटरींनी ती चकती हातात घेऊन पाहिली. ज्याने इमानाने घेतलं त्याला ही कंपनी चोर म्हणत होती, आणि चोरलेलं होतं ते मुकाट चाललं असतं. मला त्या न पाहिलेल्या कंपनीचा असा संताप आला की रडूच यायला लागलं. सेक्रेटरींनी चकती परत दिली आणि मला म्हणाले, "म्याडम, उद्या पाटी उतरवायला शिडी लागंल."

चेरमन खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी खिशातून आपला मोठा मोबाइल काढला आणि मला विचारलं, "ह्याच्यातलं नेट त्याला चालतंय का?"

मी फोनचं हॉटस्पॉट लावून संगणकाला जोडलं आणि म्हटलं, चालतं, पण रेंज पाहिजे. चेरमन फोन पुढे धरून गोठ्यातून फिरायला लागले. टाकीजवळ रेंज नाही. जीपच्या टपावर नाही. शेवटी कडब्याच्या गंजीपाशी फोन उंच धरला तेव्हा रेंजची एक काडी दिसली आणि गेली. चेरमननी वर पाहिलं, धोतर आवरलं आणि गंजीवर चढायला लागले. खालून माणसांनी त्यांना ढकललं. पेंढ्या घसरल्या, एका बैलाने तेवढ्यात त्यातली एक लांबवली. पण चेरमन शेंड्यावर पोचले, उभे राहिले आणि हात आभाळाकडे केला.

कापडावर हिरवं शेत उघडलं. माणसं काही ओरडली नाहीत. नुसता एक उसासा निघाला सगळ्यांमधून.

काकूंनी पदर खोचला आणि नांगरट सुरू केली. अर्धं शेत झालं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थिजला. मालकी तपासता येत नाही. सगळ्यांनी वर पाहिलं, तर चेरमनचा हात खांद्याला आला होता. अख्खी छावणी एका आवाजात म्हणाली, "चेरमन, हात वर." हात वर झाला, ट्रॅक्टर चालू. आयुष्यभर दुसऱ्यांना हात वर करायला लावून ठराव मंजूर करून घेतलेला माणूस तो. आता चार गावं त्याला हात वर करायला लावत होती, आणि तो करत होता. उजवा दुखला की डावा. पेरणी झाली, पीक उभं राहिलं, माणसं "बांध न्हाई की त्याला" म्हणून वाद घालत होती, म्हातारे पुढे सरकून कापडावरच्या गव्हाला हात लावून बघत होते. मी इतकी हसले की पोटात कळ आली.

कापणी झाली. मग गायींचं दूध निघालं आणि टँकर डेअरीच्या दारात येऊन उभा राहिला. तेव्हा गंजीवरून आवाज आला.

"सेक्रेटरी, डिग्री किती?"

हा प्रश्न चेरमननी विचारणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. सेक्रेटरी उठले. खिशातून नळी काढली, कापडापाशी गेले, चित्रातल्या टँकरला ती उभी टेकवली आणि नेहमीसारखे वाकून, डोळा बारीक करून, निवांतपणे आकडा वाचला.

"पुरी लागली," ते म्हणाले. "तुमच्या हातानं लागली, चेरमन."

"खरं सांगता?"

"मी खोटी डिग्री सांगितलीय का कधी?"

चेरमन हसले, मोठ्याने, पोटातून. हसता हसता त्यांचा हात खाली आला आणि कापडावरचं शेत थिजलं. या वेळी मात्र त्यांना हात वर करायला कुणी सांगितलं नाही.

पाटी राहिली. पुढे माझी बदली झाली. बसस्टँडवर सेक्रेटरी आणि काकू निरोप द्यायला आले होते. बस हलली तेव्हा सेक्रेटरींनी खिडकीतून एक खोकं माझ्या मांडीवर टाकलं. तो खेळ होता. मी ओरडून सांगितलं की काका, हे काय, हे घ्या. ते पाठ फिरवून चालायला लागले होते. काकूंनी तेवढं वळून सांगितलं, "त्येंचं काय सांगावं म्याडम, लई इसरतेत आताशा."

काही वर्षांनी त्या कंपनीने जुन्या खेळांची तपासणीच बंद करून टाकली. तपासायला कुणी नाही, म्हणजे मालकी नाही, म्हणजे जगातली एकूण एक अस्सल चकती मुकी झाली. सीडीवाल्याच्या चकत्या अजून चालतात. ही बातमी मी भीतभीत फोनवर सांगितली, तर सेक्रेटरी खो खो हसत सुटले. आता चेरमनना चंद्रावर चढवलं तरी उपयोग नाही, म्हणाले.

ते अजून अधूनमधून फोन करतात. तब्येत, पाऊसपाणी, बदलीचं काही, सगळं विचारून होतं. मग जरा थांबतात.

"म्याडम, माझं काई इसरलंय का तुमच्याकडं?"

माझ्या कपाटात, साड्यांच्या वर, ते खोकं असतं. मी त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "न्हाई काका. माझ्या तरी काही लक्षात न्हाई."

"मंग बरं हाय," ते म्हणतात, आणि समाधानाने फोन ठेवतात.